पाचवा मुद्दा

१

सोमवारी सकाळी साडेदहाला दिपाली गावडेच्या फोनवर बेंगळुरूहून अभियोजन खात्याचा मेल आला. बेळगावात टिळकवाडीतल्या एका माडीवर तेव्हा चौघेजण न्याय संहितेच्या कलमांत मान घालून बसले होते. सहायक सरकारी वकिलांच्या मुख्य परीक्षेला बावीस दिवस उरले होते. दिपालीनं मेल उघडला आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला. शेजारच्या ब्राह्मीनं "काय झालं गं?" म्हणेपर्यंत ती फोन घेऊन जिना उतरलीसुद्धा.

खाली ॲडव्होकेट मारुतीराव जांबोटकरांचं ऑफिस होतं. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. माडी त्यांचीच. परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना त्यांनी ती वापरायला दिली होती, आणि त्याबद्दल अख्ख्या बार असोसिएशनमध्ये त्यांचं नाव निघायचं. दिपाली आणि रविराज हे दोघे त्यांचेच ज्युनियर. सदलग्याची ब्राह्मी मगदूम आणि निपाणीचा ओमकार बाहेरचे, पण ओळखीनं आलेले.

दहा मिनिटांनी सर स्वतः वर आले. मागं दिपाली, डोळे लाल.

"दिपालीच्या विरोधात निनावी तक्रार गेली आहे," सर म्हणाले. "खात्यानं कारणे दाखवा नोटीस काढलीय. पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा पोचला नाही, तर अर्ज रद्द."

या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षं सलग वकिली केलेली लागते. त्यावर बोट ठेवलं की उमेदवार संपलाच.

तक्रार कानडीत होती, जुन्या टंकयंत्रावर बडवलेली. खात्यानं जोडलेली तिची प्रत इतकी पुसट होती की फोनवरच्या भाषांतरालाही झेपेना. दिपालीनं ती चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती, पण स्वतः वाचायचा तिला धीर नव्हता. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात मराठी शाळेत शिकलेली ती. कानडी अक्षरं ओळखायची, पण ओळ धरेपर्यंत घाम फुटायचा. गेलं वर्षभर ब्राह्मीच तिला रोज तासभर कानडी शिकवत होती. रविराज आणि ओमकारचं कानडीही कामापुरतंच.

सरांनी चष्मा चढवला आणि मराठीत सांगत सांगत एकेक बोट दुमडलं. "मुद्दे चार आहेत. एक, ही प्रॅक्टिसच्या काळात एका खासगी शाळेत शिकवत होती. दोन, बार कौन्सिलला कळवलं नाही. तीन, शाळेच्या हजेरीपत्रकावर हिच्या सह्या आहेत. चार, अर्जातला नोकरीचा रकाना कोरा सोडला. बस. खुलासा मी करून देतो, तू काळजी करू नकोस."

"पाकीट कुठनं टाकलंय?" रविराजनं विचारलं.

खात्यानं पाकिटाचीही प्रत जोडली होती. सरांनी फोन लांब धरला. "निपाणी. महिन्यापूर्वीचा मंगळवार."

रविराजनं ब्राह्मीकडं मान वळवली. "एवढं सफाईदार कानडी आपल्यात कोण लिहितंय? आणि दर शनिवारी निपाणीवरनं गावाला कोण जातंय?"

२

ब्राह्मीला वाटलं, दिपाली त्याला गप्प करील. दिपालीनं खाली बघितलं.

"मी शनिवारी जाते, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येते," ब्राह्मी म्हणाली. "मंगळवारी मी निपाणीत कशाला असीन?"

"पेटीत सोमवारी टाकलं की शिक्का मंगळवारचा बसतो," रविराज म्हणाला. "आम्हालाबी पुराव्याचा कायदा येतो."

ओमकार गप्पच बसला होता. सरांनी खाकरून घसा साफ केला.

"मी कुणाचं नाव घेत नाही. पण वातावरण बिघडलंय. ब्राह्मी, थोडे दिवस तू इथं न आलेलं बरं."

ब्राह्मीनं पुस्तकं गोळा करायला घेतली. एक पुस्तक खाली पडलं, ते कुणी उचलून दिलं नाही. जिन्याशी दिपाली आडवी आली.

"माझी एवढीच भीती वाटत होती तर तोंडावर सांगायचं होतंस. शाळेचं मी विश्वासानं सांगितलंवतं तुला."

"सगळ्यांनाच सांगितलंवतंस."

"सगळे कानडीत तक्रारी लिवत न्हाईत."

त्या दिवशी संध्याकाळी ग्रुपमधून ब्राह्मीचं नाव निघालं. मंगळवारी कोर्टाच्या आवारात दोन ओळखीच्या वकील बायका तिला बघून बोलायच्या थांबल्या. बुधवारी तिच्या सीनियरनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते पत्राचं काय म्हणे?" गुरुवारी ती खोलीला कुलूप लावून सदलग्याला निघून आली.

३

घरी आल्यावर दोन दिवस तिनं पुस्तक उघडलं नाही. तिचे वडील, तवनाप्पा, शांत माणूस. शनिवारी दुपारी सोप्यात बसून त्यांनी विचारलं, "त्या कागदात हाय तरी काय? वाच की मला."

"मला न्हाय वाचायचं, आप्पा."

"चोरी तुझ्या नावावर घातलीया, आणि माल तू अजून बघितला न्हाईस व्हय?"

ती चिडली. पण ग्रुपमधून काढायच्या आधी आलेली ती प्रत फोनवर होतीच. अक्षरं मोठी करत तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आप्पांना कानडी मराठीइतकंच घरचं.

पहिला मुद्दा शाळेचा. दुसरा बार कौन्सिलचा. तिसरा हजेरीपत्रकाचा. चौथा कोऱ्या रकान्याचा. ती थांबली. पान उलटलं, आणि खाली आणखी एक परिच्छेद निघाला.

'पाचवा आणि सर्वांत गंभीर मुद्दा असा, की सदर उमेदवार दररोज सकाळी सात ते दुपारी बारापर्यंत शाळेत असे. कोर्टाच्या वेळेत ती कोर्टात नव्हतीच. आपल्या आदरणीय सीनियर वकिलांना अंधारात ठेवून तिने प्रॅक्टिसचा दाखला मिळवला आहे.'

ब्राह्मीनं तो परिच्छेद पुन्हा वाचला.

"काय गं?" आप्पांनी विचारलं.

"सरांनी चारच सांगितले. बोटांवर मोजून सांगितले."

"मग हे राहिलं असंल."

"आप्पा, हाच तर खरा मुद्दा हाय. बाकीच्या चारांना उत्तर देता येतं. सकाळचा तास घेतला म्हणून कुणाची वकिली बुडत न्हाय. पण बारापर्यंत शाळेत असली, तर ती कोर्टात नव्हती. म्हणजे सलग तीन वर्षं भरत न्हाईत. ह्याला उत्तर गेलं न्हाय तर तिचा अर्ज उडाला."

आप्पांनी तिच्याकडून तो परिच्छेद पुन्हा एकदा ऐकला. मग म्हणाले, "मला कायद्यातलं कळत न्हाय. पण हे लिवणाऱ्याला त्या मोठ्या वकिलाची लई काळजी दिसतीया. पोरीला गाडायला निघालाय, आणि तिच्या सरांच्या अंगावर मात्र शिंतोडा उडू द्यायला तयार न्हाय."

खुलासा सर लिहीत होते. चार मुद्द्यांचा. तो सोमवारी पाचच्या आत जाणार होता, आणि दिपाली तिचा फोन उचलत नव्हती.

४

रविवारी ती निपाणीला उतरली. ओमकारच्या घरासमोर तंबाखूचा वास भरून राहिला होता. त्यानं तिला दारातच उभं केलं.

"आक्का, मी काय बोललो न्हाय त्या दिवशी."

"व्हय. तेच तर. काय बोलला न्हाईस."

त्यानं नजर चुकवली. "तुम्ही टाकलं का न्हाय मला ठाऊक न्हाय. पण तुम्हाला घरात घेतलं म्हणून रविराजला कळलं तर मला माडी बंद होईल."

"एकच सांग. त्या मंगळवारी आपल्यातलं कोण निपाणीत होतं?"

"मीच होतो. आजीचं वर्षश्राद्ध होतं, घरातनं हाललो न्हाय." तो घुटमळला. "दुपारी सर आणि रविराज जेवायला आलते. इथल्या कोर्टात सरांची तारीख होती."

"हे त्या दिवशी माडीवर का सांगितलं न्हाईस?"

"सरांचं नाव कसं घ्यायचं, आक्का?" असं म्हणून त्यानं दार लोटून घेतलं.

म्हणजे मंगळवारी निपाणीत तिघे होते, आणि हाकललं गेलं होतं चौथीला.

सोमवारी सकाळी बेळगावच्या कोर्टात रविराज गाठ पडला. हातात सरांच्या फायली, गळ्यात वकिलांचा पांढरा बँड. तिला बघून त्यानं तोंड फिरवलं.

"मंगळवारी तूबी निपाणीत होतास," ब्राह्मी म्हणाली.

"मी सरांची गाडी चालवतो. जिथं तारीख तिथं मी. मग मीच टाकलं म्हण की." तो जवळ सरकला. "ओरडून सांग बारमध्ये. बघूया तुझ्यावर कोण विश्वास ठेवतंय."

"दिपालीचा शाळेतला तास किती वाजता सुटायचा?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "साडेआठ. का?"

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक म्हणजे? शाळा आमच्या अनगोळातच हाय. मीच तिला गाडीवर मागं घेऊन कोर्टात सोडायचो. सेशन्समधल्या खुनाच्या खटल्याच्या उलटतपासण्या ऐकत बसायची मागच्या बाकावर. सगळ्यांना ठाऊक हाय."

"सगळ्यांना?"

रविराजची नजर हातातल्या सरांच्या फायलींवर गेली. मग फायली काखेत मारून तो चालू लागला.

५

अनगोळातल्या दिपालीच्या खोलीचं दार अर्धंच उघडलं. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"खुलासा तयार हाय," दिपाली म्हणाली. "सर चार वाजता मेल करणार हाईत. तू आता माफी मागायला आली असशील तर..."

"मी तुला वाचायला लावायला आलीय." ब्राह्मीनं फोन पुढं केला. "दुसरं पान. तूच वाच, मी एक शब्द सांगणार न्हाय. मी सांगितलं तर म्हणशील माझ्या मनचं सांगितलं."

"मला वेळ न्हाय."

"वर्षभर तुला शिकवलंय. पाच ओळी वाच, मग दार लाव."

दिपालीनं रागानंच फोन घेतला. एकेक अक्षर जुळवत ती वाचू लागली. पाचवा मुद्दा हे शब्द आले तशी ती अडखळली, पण थांबली नाही. "बेळग्गे... एळु... सकाळी सात... रिंद... पासून..." तिचं बोट स्क्रीनवर पुढं सरकलं. "ह... न्ने... र... डु."

ती थांबली. बोट तिथंच राहिलं.

"हन्नेरडु म्हणजे किती?" ब्राह्मीनं विचारलं.

"बारा."

"तुझा तास साडेआठला सुटायचा. मला ठाऊक होतं. ओमकारला, रविराजला, सगळ्यांना ठाऊक होतं. हा बाराचा आकडा कुठनं आला?"

दिपाली दार सोडून आत जाऊन खाटेवर बसली.

"मी एकाच माणसाशी खोटं बोललेते," शेवटी ती म्हणाली. "सर मला ऑफिसातनं सोडायचेच न्हाईत. दिवसभर टायपिंग, ड्राफ्टिंग. कोर्टात उभी राहिले तर नुसती तारीख मागायला. मला खटला बघायचा होता, साक्षीदाराला कोंडीत कसं पकडतात ते बघायचं होतं. म्हणून सरांना सांगितलं, शाळेत बारापर्यंत तास आहेत. तीन महिने." तिनं मान वर केली. "पण खोटा आकडा कुणीबी लिहील की. मला बुडवायचं तर बारा काय, कुणी चारबी लिहील."

"लिहील. लिहायला कुणालाही येतंय. पण वाचताना तो मुद्दा गाळायची गरज कुणाला पडली?"

दिपालीनं फोनवरची ती ओळ परत बघितली.

"दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर सरांनी पाचही वाचले असते," ब्राह्मी म्हणाली. "उलट हाच आधी वाचला असता. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस सगळ्यांत घातक मुद्दा विसरतो व्हय? त्यांना ठाऊक होतं, बारा हा शब्द कानावर पडला की तू ओळखणार. आणि गाळला की दुसरं कामबी होतंय. तुझ्या खुलाशात त्याचं उत्तरच नसणार. बेंगळुरूत म्हणतील, चारांवर बोलली, पाचव्यावर गप्प बसली, म्हणजे कबूल. वर मला बाहेर काढलं. तुला ते वाचून दाखवणारी तेवढी एकच होती."

दिपाली उठली. चपला घालताना तिचा पाय दोनदा चुकला.

६

सर ऑफिसात संगणकासमोर बसले होते. बाजूला रविराज. दोघींना एकत्र बघून सरांच्या कपाळावर आठी पडली.

"हिला कशाला आणलंस?"

"सर, तक्रारीत मुद्दे किती आहेत?" दिपालीनं विचारलं.

"चार. परत सांगायचं का?"

"दुसऱ्या पानावरचा पाचवा मला वाचून दाखवा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दुसरं पान आहे का? नजरेतून राहिलं असेल. प्रत पुसट आहे."

"पहिलं पानबी तेवढंच पुसट आहे," ब्राह्मी म्हणाली.

"तू गप्प बस. माझ्या ऑफिसात उभी राहून मला जाब विचारतेस? पुरावा काय आहे तुझ्याकडे? एक आकडा आणि एक तर्क. पहिल्या तारखेला फेकून देईल न्यायाधीश."

"देईल," ब्राह्मी म्हणाली. "कोर्टात टिकणारा न्हाय."

"मग?"

"मला पुरतोय," दिपाली म्हणाली. "बारापर्यंतचं मी फक्त तुम्हाला सांगितलंवतं, सर."

सरांनी रविराजकडं बघितलं. रविराज जमिनीकडं बघत होता.

"त्या मंगळवारी," तो हळूच म्हणाला, "कोर्ट सुटल्यावर तुम्ही आवारातल्या टायपिस्टकडं अर्धा तास होता. मी म्हटलं, आणा सर, मी करून घेतो. तुम्ही म्हणालात, गाडीत बस. मग पोस्टासमोर गाडी थांबवायला लावलीत, आणि स्वतः उतरलात."

"तू हे आज सांगतोयस?"

"मला वाटलं ऑफिसचं पत्र असंल. आणि सर, त्या दिवशी माडीवर पाकिटावरनं मी ब्राह्मीचं नाव घेतलं, तेव्हा तुम्ही मला अडवलं न्हाईत." त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्ही मला तिच्यावर सोडलंत."

सर खुर्चीत मागं रेलले. खजील वगैरे ते झाले नाहीत. उलट इतक्या वर्षांत कुणी पाहिला नव्हता असा राग त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"खोटं बोलून तू माझा वेळ चोरलास, ते चाललं? याआधी दोघं गेले. एक न्यायाधीश झाला, एक सरकारी वकील. जाताना पेढे देऊन गेले, नंतर फोन नाही. घडवायचं मी आणि न्यायचं सरकारनं. तू गेलीस तर या ऑफिसात एक धड मसुदा लिहिणारं माणूस उरत नाही. तुझी वकिली बंद करत नव्हतो मी. इथंच राहिली असतीस. मी तुला काय कमी केलं होतं?"

"मला विचारलं असतं तर..." दिपाली बोलता बोलता थांबली. "न्हाय. विचारलं असतं तरी मी गेलेच असते."

तिनं टेबलावरच्या त्यांच्या फायलींतून स्वतःची कागदपत्रं वेगळी काढली. सर बघत राहिले. ती दाराकडं वळल्यावर त्यांनी मागून विचारलं, "उद्याच्या अपिलाचा मसुदा?"



७

शाळेच्या मुख्याध्यापिका घरी जायला निघाल्याच होत्या. दोघींना बघून परत आत वळल्या, हजेरीपत्रक काढलं, आणि तास सात ते साडेआठ असा होता हे शाळेच्या कागदावर लिहून सही-शिक्का मारून दिलं. खुलासा दिपालीनं इंग्रजीत लिहिला, पाचही मुद्द्यांचा. कानडी प्रत ब्राह्मीनं सायबर कॅफेत बसून टाइप केली. मेल गेला तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती.

दोघी रस्त्यावर आल्या. सबंध वेळात कामाच्या शब्दांपलीकडं त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"ब्राह्मी, मला माफ कर."

ब्राह्मीनं पिशवी खांद्यावर नीट केली. "त्या दिवशी तू मला एवढंच विचारायचं होतंस, की तू लिहिलंयस का. मी न्हाय म्हटलं असतं. मग तू विश्वास ठेवला नसतास तरी चाललं असतं. तू विचारलंच न्हाईस."

"मला कळत नव्हतं गं काय करू ते."

"व्हय. कळत नसतंय तेव्हाच विचारायचं असतंय."

"मग करशील न्हाय माफ?"

"करीन. आज न्हाय." ती चालू लागली, आणि दोन पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाली, "भाषांतराच्या पेपरला मागच्या पाच वर्षांचे उतारे कर. मोठे उतारे आधी."

निपाणीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी हायवेला लागली आणि आठ दिवस अडवून धरलेलं रडू एकदम आलं. पदर तोंडाशी धरून शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कानडीत विचारलं, काय झालं बाळ, कुणी गेलं का.

ब्राह्मीनं मान हलवली. "केस जिंकले, मावशी," ती मराठीत म्हणाली, आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.